मॅचच्या दिवशी फक्त मॅच

हे प्रकरण लिहिण्याआधी दोन माणसं जावी लागली. आधी बाबा गेले, इथे अमेरिकेत, ईडन प्रेरीत. गेल्या वर्षी नागपूरला काका गेला. दोघांपैकी एकजण जरी असता तरी मी हे लिहिलं नसतं. आता हरकत नाही. क्रमाने सांगते. आधी घर, मग दोन भाऊ आणि त्यांचे दोन संघ, मग तो रविवार. त्या रविवारी काकाने या देशात राहायचं की नाही हे ठरलं. ते आमच्या बैठकीच्या खोलीत ठरलं, टीव्हीवर मॅच चालू असताना, आणि काका-काकू सोडून तिथल्या कोणालाही त्याचा पत्ता नव्हता.

घर इथल्या पुष्कळ घरांसारखं होतं. दार उघडलं की थोड्या पायऱ्या वर स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली, थोड्या पायऱ्या खाली तळघर. हिवाळ्यात घर गरम करणारी फर्नेस सुरू होताना भिंतीत कोणी खाकरल्यासारखा आवाज यायचा, मग जमिनीतल्या जाळीतून गरम हवा आणि तिच्याबरोबर धुळीचा जळकट वास. सकाळी बर्फ लोटणारा ट्रक रस्ता खरवडत जायचा आणि जाताना आमच्या ड्राइव्हवेच्या, म्हणजे रस्त्यापासून गॅरेजपर्यंतच्या वाटेच्या, तोंडाशी बर्फाचा बांध घालून जायचा. आई फोडणी टाकण्याआधी कोटांचं कपाट बंद आहे का ते बघायची, बेडरूमची दारं लावायची, चिमणीचा पंखा लावायची आणि मग तेल तापवायची. "कोटाला लसणाचा वास आला तर ऑफिसात कोणी काही बोलत नाही. फक्त खुर्ची थोडी लांब सरकवतात," असं ती म्हणायची. तिला हे कसं माहीत होतं ते मी कधी विचारलं नाही. मी आज माझ्या घरात तेच करते. माझ्या ऑफिसात दुपारच्या डब्याला लोक रांग लावतात, तरीही करते.

आता संघ. त्यांची नावं लिहीत नाही, कारण आमच्या घरात ती कोणी घेतच नव्हतं. आमच्या राज्याचे ते जांभळे आणि नदीपलीकडच्या राज्याचे ते हिरवे. अमेरिकन फुटबॉल. वर्षातून दोनदा ते एकमेकांशी खेळतात, एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि हे माझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून चालत आलं आहे. बाबा या देशात आले तेव्हा त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. पहिल्या हिवाळ्यात दर सोमवारी ऑफिसात सगळे कॉफीच्या मशीनपाशी जमायचे आणि बाबा कप भरून घेऊन आपल्या टेबलाशी परत यायचे. त्यांच्या शेजारच्या टेबलावर कॅरल नावाच्या बाई होत्या, निवृत्तीला आलेल्या, शेतकऱ्याची मुलगी. त्यांना बहुधा दया आली. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी बाबांना या वैराचा सगळा इतिहास सांगितला. नदीच्या दोन्ही काठांवर एकाच मुलखातून आलेली माणसं, तेच चर्च, तेच गाईगुरांचे गोठे, तेच जेवण. म्हणूनच हे वैर इतकं कडू आहे, असं त्यांचं म्हणणं. हिरव्यांचं गाव लहान, पण त्यांच्या कपाटात करंडक आहेत. जांभळे शेवटच्या मोठ्या मॅचपर्यंत जातात आणि हरून परत येतात. कॅरलबाईंच्या वडिलांनी ते पाहिलं, बाईंनी पाहिलं, आता त्यांचा मुलगा पाहतोय. बाबा घरी येऊन आईला म्हणाले, "हे लोक हरणंसुद्धा पोरांच्या नावावर करून जातात."

बाबांना ते आवडलं असावं. त्यांनी लायब्ररीतून पुस्तकं आणली आणि परीक्षेला बसल्यासारखा अभ्यास केला. आपण जन्मात न पाहिलेल्या मॅचेस ते सांगायला लागले. कुठल्या डिसेंबरात मैदान कसं गोठलं होतं, कोणाच्या हातातून बॉल कसा निसटला, कोणती किक खांबाच्या किती जवळून बाहेर गेली. सांगताना त्यांचा चेहरा खरोखर पडायचा. पुढच्या हिवाळ्यात ते कॉफीच्या मशीनपाशी उभे राहून बोलत होते आणि लोक ऐकत होते.

काका बाबांहून आठ वर्षांनी लहान. तो नंतर आला, व्हिसावर, आणि त्याच्या कंपनीने त्याला नदीपलीकडच्या राज्यातल्या एका लहान गावात पाठवलं. विमानतळावरून घरी आणतानाच बाबांनी त्याला पहिला सल्ला दिला. "हे बघ दिपू, तिकडे गेलास की हिरव्यांचा हो. नाहीतर सोमवारी कोणी बोलणार नाही तुझ्याशी."

"आणि तू?"

"मी जांभळ्यांचा. मी इकडे राहतो."

"म्हणजे तूच मला शत्रू करून राहिला," काका म्हणाला, आणि दोघं इतके हसले की हायवेवरून उतरायचा बाबांचा एक्झिट चुकला. काका नागपूरचं बोलणं शेवटपर्यंत सोडू शकला नाही. बाबांचं पुण्याच्या नोकरीत घासून गेलं होतं, पण भावासमोर तेही 'का बे' वर यायचे.

तेव्हापासून वर्षातल्या त्या दोन रविवारी दोन्ही घरं एकत्र यायची. मॅच इकडे असली की ते आमच्याकडे, तिकडे असली की आम्ही त्यांच्याकडे. आई आदल्या दिवशी पाटवड्या थापून ठेवायची आणि रविवारी सकाळी तर्रीदार रस्सा करायची. काकू येताना त्यांच्याकडचे चीजचे ताजे तुकडे आणायची. ते दाताखाली रबरासारखे कुईकुई वाजतात, आणि वाजले नाहीत तर ते शिळे, असं तिकडचे लोक समजतात. मी आणि माझी चुलत बहीण प्रज्ञा, आम्ही ते रश्श्यात बुडवून खायचो. प्रज्ञा माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तिच्याशी मराठीत बोललं की ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि काका म्हणायचा, "ऐकून राहिली नं? बस. बोलल आपोआप." मला सख्खं भावंड नाही. त्या दोन रविवारांची मी वाट पाहायचे.

या रविवारांचा एक नियम होता. मॅचच्या दिवशी फक्त मॅच. ऑफिस नाही, व्हिसा नाही, नागपूर नाही. ते दाराशी बूट काढतील तेव्हापासून त्यांची गाडी रस्त्याच्या वळणाआड जाईल तोवर, खेळाशिवाय दुसरा शब्द नाही. जो मोडेल त्याने फावडं घेऊन ड्राइव्हवेवरचा बर्फ साफ करायचा. बर्फ नसला तर पानं. हा नियम आई आणि काकूने मिळून केला होता आणि त्याला कारण होतं. आजोबा गेले तेव्हा दोघांपैकी एकही भाऊ नागपूरला पोचू शकला नाही. बाबांचे ग्रीन कार्डचे कागद अडकले होते, बाहेर पडले असते तर परत येता आलं नसतं. काका नोकरीला नुकताच लागला होता. दोघांनाही वाटायचं की दुसऱ्याला जाता आलं असतं. भेटले की कुठून तरी तो विषय निघायचा आणि जेवण ताटात राहायचं. एकदा आईने भरलेली ताटं उचलून कचऱ्यात टाकली आणि दुसऱ्या दिवशी काकूला फोन केला. त्या एका फोनवर नियम झाला. सांगायला हवं की तो चालला. वर्षानुवर्षं त्या रविवारी कोणी भांडलं नाही. नंतर मी अनेकदा विचार केला आहे की आजोबांवरून त्यांना भांडू दिलं असतं तर एक ना एक दिवस ते संपलं असतं. पण ती माझी आजची अक्कल आहे. तेव्हा घरात शांतता होती आणि शांतता सगळ्यांना हवी होती.

टोमण्यांना मात्र मोकळीक होती. तीच त्या दोघांची बोलायची रीत झाली. जिंकणाऱ्याने सोमवारी संध्याकाळी हरणाऱ्याला फोन करायचा आणि हरणाऱ्याने तो निमूटपणे ऐकायचा, ही बाबांनी घातलेली भर. इतर वेळी फोनवर ते फार बोलत नसत. "बरं आहे?" "बरं आहे. तुझं?" "जयभीम." "जयभीम." संपलं. पण सोमवारच्या फोनवर अर्धा अर्धा तास हसायचे.

त्या वर्षी कंपन्या माणसं काढत होत्या. प्रत्येक घरात कोणाचं तरी नाव ऐकू यायचं. अमुक परत गेला, तमुक दूर दक्षिणेत शुगर लँडला मेव्हण्याकडे जाऊन राहिला, घर बँकेला देऊन टाकलं. बाबांच्या कंपनीत, तिथे हॉस्पिटलची यंत्रं बनत, फारशी उलथापालथ नव्हती. काकाला मॅचच्या तीन आठवडे आधी काढलं होतं. आम्हाला ते माहीत नव्हतं. त्याचं ग्रीन कार्ड त्याच कंपनीच्या आधारावर चाललं होतं, ते तिथेच थांबलं. नवी कंपनी मिळाली नाही तर देश सोडायचा, आणि वकिलाने सांगितलं होतं की जे करायचं ते लगेच करा. काकाला जुन्या मोठ्या कॉम्प्युटरांवरचं काम यायचं, जे तोवर नवीन मुलं शिकेनाशी झाली होती. तो दादाला विचारायला आला होता की तुझ्याकडे माझ्यासाठी काही आहे का. फोन का केला नाही, असं प्रज्ञाने मला मोठेपणी विचारलं. माझ्या मते ती फोनवर मागायची गोष्ट नव्हती. ज्या भावाने स्वतःची इंजिनिअरिंगची पुस्तकं वर्षानुवर्षं कव्हर घालून जपून तुमच्या हातात ठेवली, त्याला पुन्हा काही मागायचं तर माणूस समोर बसून मागतो.

शनिवारपासून बर्फ पडत होता. ते आले तेव्हा बाबा जांभळा शर्ट घालून दारातच उभे होते. "या या, नदी ओलांडताना पासपोर्ट मागितला का कोणी?" एरवी काकाचं उत्तर तयार असायचं. त्या दिवशी तो हसला, बूट काढले, भिंतीशी नीट जोडून ठेवले आणि आजूबाजूच्या सगळ्यांचेही नीट लावले. काकू सरळ स्वयंपाकघरात गेली. मी रस्सा वाढायला गेले तर ती आईशी मिठाच्या प्रमाणाबद्दल बोलत होती आणि दाराकडे सारखं बघत होती.

मॅचच्या चार भागांपैकी दुसरा क्वार्टर सुरू होता. जाहिराती लागल्या तेव्हा काकाने ताट खाली ठेवलं आणि म्हणाला, "दादा, एक बोलायचं होतं. माझ्या ऑफिसात जरा—"

"फावडं!" बाबा ओरडले.

"नाही, ऐक नं—"

"फावडं! फावडं!" आम्ही सगळेच ओरडायला लागलो, मी, आई, आणि सगळ्यांत मोठ्याने प्रज्ञा. "शव्हल, डॅड! रूल्स आर रूल्स!" ती धावत गॅरेजमध्ये गेली आणि फावडं ओढत घेऊन आली, ते तिच्यापेक्षा उंच होतं. तिने ते काकाच्या मांडीवर आडवं ठेवलं. इतक्या वर्षांत नियम पहिल्यांदा मोडला होता आणि आम्हाला कोण आनंद झाला होता. स्वयंपाकघराच्या दारात काकू उभी होती. ती ओरडत नव्हती. काकाने तिच्याकडे पाहिलं, मग बाबांकडे, मग हसून दोन्ही हात वर केले. "बरं बाप्पा. हरलो." कोट घातला आणि बाहेर गेला.

आम्हाला वाटलं एक पट्टा काढून येईल. त्याने सगळा ड्राइव्हवे काढला. ट्रकने घातलेला बांध फोडला, मग दारापर्यंतची पायवाट, मग पोस्टाच्या पेटीभोवतीचा बर्फ, मग शेजारच्या म्हाताऱ्या बाईंच्या दारापुढचा. खिडकीतून तो दिसत होता. थांबायचा, फावड्यावर रेलायचा, पुन्हा वाकायचा. आई म्हणाली, "अहो, बोलवा त्याला आत, गारठेल तो." बाबा म्हणाले, "येईल. हिरव्यांची धुलाई बघवत नाही म्हणून बाहेर थांबलाय." तो आत आला तेव्हा तिसरा क्वार्टर अर्धा झाला होता. भुवयांवर बर्फ होता. काकूने त्याच्या हातात चहा दिला आणि ती त्याच्या शेजारी बसली, जे ती मॅचला कधी करत नसे.

हिरव्यांनी गाठत आणलेली मॅच शेवटच्या मिनिटांत पुन्हा फिरली. जांभळ्यांकडे त्या वर्षी एक खेळाडू होता, आधी हिरव्यांकडे असलेला. त्यांनी त्याला वय झालं म्हणून सोडलं होतं. त्यानेच कोपऱ्यात उडी मारून बॉल धरला, टचडाउन झाला, जांभळे पुढे गेले आणि बाबा खुर्चीवर उभे राहिले. "बघ! बघ दिपू! तुम्ही काढलेला माणूस! तुम्ही काढला, आम्ही घेतला!"

काका टीव्हीकडे पाहत होता.

"तुलाही काढलं कोणी तर सांग बे," बाबा खुर्चीवरूनच म्हणाले. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "आमच्याकडे तुमचा टाकाऊ मालसुद्धा चालतो. जांभळा शर्ट घालून उभा राहा दारात, लावतो तुला कामाला."

मी ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं आहे. काकाने कप खाली ठेवला. "टाकाऊ माल तुझ्या दारात नाही येणार, दादा," तो म्हणाला, आणि तोही हसला. बाबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्यांना वाटलं, चांगलं उत्तर दिलं पठ्ठ्याने.

रस्ते घसरडे होते म्हणून ते मॅच संपताच निघाले. स्वच्छ ड्राइव्हवेवरून गाडी अलगद मागे गेली. प्रज्ञाने मागच्या काचेवर बोटाने काहीतरी लिहिलं, उलट दिसत होतं, मला वाचता आलं नाही.

आता दुसरी बाजू, जी मला पुष्कळ नंतर आईकडून कळली. त्याच आठवड्यात बाबांच्या मॅनेजरने त्यांना विचारलं होतं, जुन्या सिस्टिमवर काम करणारं कोणी ओळखीचं आहे का, माणूस लगेच हवाय. बाबांना पहिलं नाव काकाचंच सुचलं होतं. पण काकाने दोन वर्षांपूर्वी घर घेतलेलं, चांगली नोकरी. तो कशाला सोडेल? त्याच्या ओळखीचं कोणी असेल तर विचारावं, असं ठरवून ते रविवारी बसले होते. स्वयंपाकघरात येऊन ते आईला तसं म्हणालेही, आणि आई म्हणाली, "आज नको. आज फावडं आहे. उद्या फोन करणारच आहात." त्या वेळी खिडकीबाहेर काका बर्फ काढत होता.

सोमवारी बाबांनी फोन केला. काकूने उचलला. "ते झोपलेत," ती म्हणाली. संध्याकाळचे सहा वाजले होते. "हरल्यावर झोप छान लागते," बाबा म्हणाले, "उठला की फोन करायला सांग. माझं जरा काम आहे त्याच्याकडे." काकाने फोन केला नाही. जिंकलेल्या दादाचं काम टोमण्यांशिवाय काय असणार, हे त्याला इतक्या वर्षांच्या सवयीने माहीत होतं. बाबांनी गुरुवारपर्यंत वाट पाहिली आणि प्लेनो नावाच्या दूरच्या गावाहून आलेला एका मुलाचा अर्ज मॅनेजरला दिला.

पुढे काही आठवड्यांनी काकाचाच फोन आला. नागपूरला परत जायचं ठरवलंय. तिकडे आजीला आता होत नाही, तिचं सगळं आत्यावर किती टाकायचं. बाबा भडकले. एवढी चांगली नोकरी सोडून? घर? पोरीची शाळा? आजोबांच्या वेळी गेला नाहीस आणि आता निघालास? तो विषय इतक्या वर्षांनी निघाला. बाबा फोन ठेवून म्हणाले, "डोकं फिरलंय त्याचं." रात्रीच्या जेवणाला त्यांनी दुसरी पोळी घेतली नाही.

आम्ही सामान बांधायला गेलो तेव्हा त्यांच्या घरातले पडदे निघाले होते आणि बोललेलं भिंतींवरून परत येत होतं. आई आणि काकू स्वयंपाकघरात बशा कागदात गुंडाळत होत्या, मी खोक्यांवर मार्करने लिहीत होते. आई म्हणाली, "अजून विचार करा ग. सुखाची नोकरी सोडून कोणी जातं का?"

काकूने हातातली बशी खाली ठेवली. "ताई, कोणती नोकरी?"

मग ती बोलली. नोकरी केव्हाच गेली होती. तिला त्या रविवारपासून वाटत होतं की काकाने विचारलं आणि दादांनी नाही म्हटलं. गाडीत तिने काकाला विचारलं होतं, काय झालं, आणि तो इतकंच म्हणाला होता, "तिथे काही नाही." ती तेव्हापासून आमच्यावर मनातल्या मनात चिडून होती. तिला वाटत होतं, आम्ही नकार देऊन वर उपदेश करायला आलो आहोत. आईने सांगितलं, आम्हाला कोणी काही विचारलंच नव्हतं. मग तिने मला बाबांना बोलवायला पाठवलं.

बाबा गॅरेजमध्ये काकाबरोबर सायकलीची चाकं काढत होते. आईने तिथेच सांगितलं, सगळ्यांसमोर, दोन वाक्यांत. बाबा पाना हातात धरून उभे राहिले. गॅरेजचं दार उघडं होतं आणि भयंकर थंडी होती.

"मला एकदा विचारायचं होतंस, दिपू," ते म्हणाले.

"विचारायलाच आलो होतो. तुम्ही फावडं दिलं हातात."

काकाने पुन्हा चाकाला हात घातला. वकील काय म्हणाला, मुदत कधीच उलटली, तिकिटं झाली, बँकेला किल्ल्या द्यायच्या, हे त्याने खाली बघत, एकेक नट काढत सांगितलं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुझ्याकडे तरी कुठे काय असणार होतं म्हणा. तुमच्याकडेही काढूनच राहिले असतील."

आई बाबांकडे बघत होती. बाबा म्हणाले, "हो. आमच्याकडेही काही नव्हतं."

परत येताना नदीवरच्या पुलावर आईने विचारलं, "ती जागा?" "भरली. प्लेनोचा मुलगा सोमवारीच रुजू झाला. त्याला अपार्टमेंट मीच शोधून दिलं." बाबांनी वायपरचा वेग वाढवला. मग ते म्हणाले, "त्याला कधी सांगायचं नाही. जागा नव्हती असंच समजू दे त्याला." ते आईला म्हणाले, पण आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले.

पुढचं थोडक्यात. प्रज्ञाला वाचता येत नसलेल्या भाषेच्या गावात शाळेत घातलं आणि तिचं एक वर्ष गेलं. आज तिचं मराठी माझ्याहून चांगलं आहे. ती परत इकडे आली नाही, बघायलासुद्धा नाही. काकाला नागपुरात त्याच्या कामाची नोकरी मिळाली नाही. त्याने कॉम्प्युटरचे क्लास काढले आणि ते बरे चालले. बाबा मॅच बघत राहिले, पण त्या दोन रविवारी टीव्ही लागत नसे. जांभळ्यांनी अजून ती शेवटची मोठी मॅच जिंकलेली नाही. माझा मुलगा शाळेतून त्यांचा शर्ट घालून येतो आणि न पाहिलेल्या किकची गोष्ट मला सांगतो.

बाबा गेल्यानंतर काका मला दर रविवारी व्हिडिओ कॉल करायचा. आईचे गुडघे, तिची औषधं, माझ्या मुलाचे मार्क, सगळं विचारायचा. एकदा सगळं विचारून झाल्यावर तो म्हणाला, "वैशू, एक विचारू का? खरं सांगशील?"

"विचार ना, काका."

"तेव्हा दादाकडे जागा असती, तर त्यानं घेतलं असतं नं मला?"

"घेतलं असतं," मी म्हणाले. "लगेच घेतलं असतं."

"पण नव्हतीच नं जागा?"

तो कॅमेऱ्याच्या फार जवळ आला होता. फक्त चष्मा आणि कपाळ दिसत होतं.

"नव्हती, काका."

"मग बरंच झालं त्या रविवारी मी काही बोललो नाही ते," काका म्हणाला आणि मागे टेकून बसला. "दादाला नाही म्हणावं लागलं असतं. त्याला ते जन्मभर लागून राहिलं असतं."

मी हो म्हणाले.